ऊन, वळीव आणि दोन विजा

होळी झाली की शिरवळच्या शिवारात ऊन चढू लागते. चैत्र सरतो, वैशाख लागतो. नीरेच्या काठची माती तापते. खंबाटकीच्या घाटातला दगड हाताला चटका देतो. गावात पत्र्याच्या खोल्या आहेत. कारखान्यांत कामाला आलेली किती तरी माणसं अशा खोल्यांत राहतात. दुपारी त्या खोल्यांची भट्टी होते.

मग एखाद्या दिवशी वारा पडतो. झाडाचे पान हलत नाही. जीव कासावीस होतो. चारच्या सुमारास ढग काळे होतात. धुळीचा लोट उठतो. पत्रे वाजू लागतात. वीज कडाडते. टपोरे थेंब पडतात, कधी गारा पडतात. आणि तेवढ्यात घरातली लाईट जाते.

ऊन, वळीव आणि अंधार, हे तिन्ही पाहुणे असे एकाच दिवशी येतात.

वळीव आपल्याला हवा असतो. त्याने माती भिजते, हवा गार होते, नांगरट सोपी होते. पण त्याच एक-दोन तासांत माणसं दगावतातही. पुष्कळदा त्याला घाई कारण होते. कुणी कांदा झाकायला धावतो. कुणी पडलेल्या कैऱ्या वेचायला झाडाखाली जातो. कुणी तुटलेली तार काठीने बाजूला करू पाहतो. म्हणून या पाठात एकच गोष्ट सांगायची आहे. तयारी सकाळी करावी, आणि वादळ आले की थांबावे.

लागोपाठचे दोन दिवस

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. १६ तारखेला नवी मुंबईजवळ खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा मोठा सोहळा झाला. लाखो माणसं उघड्या मैदानावर उन्हात बसली होती. त्या दिवशी तिथे सुमारे ३८ अंश तापमान होते. आपल्याकडे एवढे ऊन नेहमीचेच, असे आपण म्हणू. पण त्या उन्हाने १४ जण दगावले.

दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, पुण्याजवळ किवळे येथे संध्याकाळी वळवाचे वादळ आले. रस्त्याकडेला जाहिरातीचा भला मोठा लोखंडी फलक होता. पावसापासून बचाव व्हावा म्हणून काही माणसं त्याच्या आडोशाला थांबली. वाऱ्याने फलक कोसळला. ५ जण ठार झाले.

पुढच्या वर्षी, १३ मे २०२४ रोजी, मुंबईत घाटकोपरला असाच एक फलक वादळात पेट्रोल पंपावर पडला. तिथे १७ माणसं गेली.

शिरवळही मोठ्या हमरस्त्यावरचे गाव आहे. आपल्याही वाटेवर फलक आहेत, झाडे आहेत, विजेचे खांब आहेत. तेव्हा या गोष्टी परक्या गावच्या म्हणून सोडून देता येत नाहीत.

वळीव येतो कसा?

उन्हाने जमीन तापते. जमिनीला लागून असलेली हवा तापते. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. चुलीवरचा धूर वर जातो, तसेच हे आहे. समुद्राकडून आलेल्या हवेत पाण्याची वाफ असते. ती वाफही वर जाते. वर थंडी असते. तिथे वाफेचे थेंब होतात, आणखी वर बर्फाचे कण होतात. असा ढग काही मैल उंच वाढतो.

या ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात, घासतात. त्यातून वीज साठते. पाऊस पडू लागला की ढगातली थंड हवा धाडकन खाली येते. जमिनीवर आपटून ती चारी बाजूंना पसरते. हाच वळवाचा वारा. म्हणून पावसाच्या आधी वारा येतो, आणि वाऱ्याबरोबर धूळ येते.

जमीन तापायला दुपार होते. म्हणूनच वळीव बहुधा दुपारनंतर येतो. सकाळ बहुतेक वेळा मोकळी असते. आपल्या तयारीची वेळ तीच.

ऊन लागते म्हणजे काय होते?

आपले अंग आतून सुमारे ३७ अंश गरम असते. ऊन वाढले की घाम येतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मडक्यातले पाणी पाझरून गार होते, तशीच ही रीत आहे.

पण घाम यायला अंगात पाणी पाहिजे. आणि घाम वाळायला हवा कोरडी पाहिजे. हवा दमट असली, वारा पडलेला असला, तर घाम नुसता निथळतो. तो वाळत नाही. मग अंग गार होत नाही. खारघर समुद्राजवळ आहे. तिथली हवा दमट असते. अशा हवेत ३८ अंशसुद्धा घातक ठरतात. आपल्याकडेही वळवाआधी वारा पडतो, कोंदते. ती वेळ सांभाळायची.

शिरवळला जुनी दगडी पाणपोई आहे. पुढे घाट, डोक्यावर ऊन, आणि वाटसरूची पायपीट. म्हणून आधी पाणी, मग वाट. आपल्या वाडवडलांना हे ठाऊक होते. आपणही तेच करावे.

शेतातले आणि बांधकामावरचे जड काम सकाळी लवकर सुरू करावे. दुपारी १२ ते ३ सावलीत राहावे. तहान लागायची वाट पाहू नये. कामावर अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी प्यावे. ताक, पन्हे, लिंबाचे सरबत चांगले. दारू प्याल्याने अंगातले पाणी जास्त जाते. तिला उन्हात फाटा द्यावा. डोक्याला टोपी, पागोटे, नाही तर ओला पंचा असावा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे कुणी म्हणतात. कांदा भाकरीबरोबर जरूर खावा. पण खिशातला कांदा अंग गार करत नाही. ते काम पाणी आणि सावलीच करते.

लहान लेकरे, म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि आजारी माणसं यांना ऊन लवकर बाधते. पत्र्याच्या खोलीत दुपारी त्यांना एकटे ठेवू नये. शेजारी पक्के घर असेल, देऊळ किंवा समाजमंदिर असेल, तर तिथे न्यावे. पत्र्याला वरून चुना मारला तर पत्रा कमी तापतो. खिडकीला ओला पडदा लावावा. रात्री खिडक्या उघडून खोली गार करावी.

डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पायात गोळे येतात, ही पहिली खूण. माणसाला सावलीत बसवावे. साखर-मिठाचे पाणी द्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे ६ सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घालावा. थोडे थोडे पाजावे.

अंग तव्यासारखे तापले, माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर हा उष्माघात आहे. यात तासाभराचा उशीरही जीव घेतो. लगेच १०८ नंबरला फोन करावा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा. मान, काखा आणि जांघा यांवर ओली फडकी ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

वाऱ्याची तयारी

पत्रा उडू नये म्हणून आपण वर दगड ठेवतो. वारा पत्र्याच्या खाली शिरतो आणि पत्रा उचलतो. मग तोच दगड घरातल्या माणसावर किंवा वाटेवरच्या माणसावर पडतो. म्हणून दगडावर विसंबू नये. पत्रा लोखंडी आकड्यांनी आणि नट-बोल्टने वाशाला घट्ट आवळावा. कडेचे पत्रे आधी उडतात. ते पहिले तपासावे. हे काम फाल्गुनातच करावे.

घरावर आलेली वाळकी फांदी वेळेवर तोडावी. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर आपण कोयता घेऊन चढू नये. वायरमनला कळवावे.

आता कांद्याचे आणि वाळवणाचे. रानात कांद्याचा ढीग आहे, अंगणात कुरडया आहेत. ढग आले की जीव खालीवर होतो. वर्षाची कमाई भिजते, हे खरे आहे. म्हणूनच ताडपत्री घरात घडी करून ठेवू नये. सकाळीच ती ढिगाजवळ न्यावी. दोऱ्या बांधून ठेवाव्यात. कडेला मातीने भरलेली पोती ठेवावीत. दुपारी आभाळ भरू लागले की लगेच झाकावे आणि घरी यावे. गडगडाट सुरू झाल्यावर रानाकडे धावू नये. कांदा भिजला तर पुन्हा पिकवता येतो.

आकाशातली वीज

मराठीत ‘वीज’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. ढगातली तीही वीज आणि तारेतली तीही वीज. हे बरोबरच आहे. दोन्ही एकाच जातीच्या आहेत. ढगातली मात्र फार जबर असते. ती ज्या वाटेने येते, तिथली हवा क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त तापते. हवा एकदम फुगते. त्याचाच गडगडाट.

भारतात २०२२ साली वीज पडून २८८७ माणसं मेली, अशी सरकारी नोंद आहे. त्यांत रानात राबणारी माणसं पुष्कळ असतात.

पायाळू माणसावर वीज पडते, असा समज गावोगाव आहे. वीज माणसाचा जन्म पाहत नाही. ती उंच वस्तू शोधते. झाड, खांब, देवळाचा कळस, मोकळ्या रानात उभा असलेला माणूस, यांच्यावर ती पडते. म्हणून पायाळू असो वा नसो, सगळ्यांनीच जपावे.

वीज किती लांब आहे, हे मोजता येते. चकाकी दिसली की आकडे मोजायला लागा. एक, दोन, तीन. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. ३० मोजायच्या आत गडगडाट आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. पुढची वीज आपल्याजवळ पडू शकते. लगेच घरात जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर आणखी अर्धा तास थांबावे. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली, असे नाही.

पक्के घर सर्वांत चांगले. वरून बंद असलेली मोटारगाडी किंवा एस.टी.ची बसही चालते. झाडाचा आडोसा, उघडी पत्र्याची शेड, ट्रॅक्टर, मोटारसायकल हे धोक्याचे. घरातही खिडकीजवळ, नळाजवळ उभे राहू नये. चार्जिंगला लावलेला मोबाईल कानाला लावू नये.

वळवात आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडतो. पोरे टोपली घेऊन धावतात. गारा वेचायलाही धावतात. त्यांना आधीच ताकीद द्यावी. कैऱ्या अर्ध्या तासाने वेचल्या तरी त्या तिथेच असतात.

मोकळ्या रानात अडकलात तर झाडापासून, विहिरीवरच्या मोटरीपासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर जा. खोलगट जागी दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवे बसा. कान झाका. आडवे पडू नका. पाच जण असाल तर एकमेकांना धरून बसू नका, लांब लांब बसा. हा शेवटचा उपाय आहे. आधी घर गाठणे बरे.

पाय जवळ का घ्यायचे? वीज जमिनीवर पडली की जमिनीत पसरते. पडल्या जागी तिचा जोर जास्त, लांब कमी. एक पाय जास्त जोराच्या जागी आणि दुसरा कमी जोराच्या जागी असला, तर वीज एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. गाई-म्हशींचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात. त्यांच्या अंगातून वीज छातीकडून जाते. एकाच झाडाखाली बांधलेली सगळी जनावरे अशीच एकदम मरतात. म्हणून ढग दिसताच जनावरे झाडाखालून सोडून गोठ्यात आणावीत.

शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावराला ऊन लागले, इजा झाली, तर उशीर न करता डॉक्टरला दाखवावे. जनावरांच्या मदतीचा फोन १९६२ आहे.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावायला भिऊ नये. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करावा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवावेत. मिनिटाला शंभरच्या वर, जोराने दाबत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. असे दाबल्याने माणूस परत येऊ शकतो.

घरातला माणूस वीज पडून गेला, तर तलाठ्याला आणि पोलिसांना लगेच कळवावे. पंचनामा आणि शवविच्छेदन झाले पाहिजे. वारसांना सरकारी मदत मिळते. ती ४ लाख रुपयांची आहे. कागद नसले तर हक्काचे पैसे अडतात.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाईलवरचे साधन तयार केले आहे. आपल्या जागेपासून २० ते ४० किलोमीटरवर वीज पडू लागली की ते इशारा देते. घरात मोठा मोबाईल असेल तर मुलांकडून ते घालून घ्यावे.

तारेतली वीज

वादळ थांबते. आपण बाहेर येतो. वाटेत तार पडलेली दिसते. लाईट तर गेलेली आहे. मग तारेत काय असणार, असे वाटते. इथेच घात होतो.

तार पडली म्हणजे वीज बंद झाली, असे समजू नये. कोरड्या जमिनीवर पडलेली तार कधी कधी चालूच राहते. शिवाय गेलेली लाईट कोणत्याही क्षणी परत येते. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. रानातून जाणाऱ्या मोठ्या लाईनीचा दाब ११,००० व्होल्ट असतो. तिच्यापुढे काठी, चप्पल, कोरडे हात यांचा भरवसा नाही.

ढगातल्या विजेसारखीच पडलेल्या तारेची वीजही जमिनीत पसरते. म्हणून तारेपासून तीस-चाळीस फूट लांब राहावे. आपण जवळ आलोच असू, तर पाय उचलून पळू नये. दोन्ही पाय जवळ ठेवून, जमिनीवर घासत घासत, अगदी छोटी पावले टाकत मागे यावे. एकाने वाट अडवून उभे राहावे. दुसऱ्याने १९१२ नंबरला फोन करावा. हा विजेच्या तक्रारीचा नंबर आहे. गावच्या वायरमनलाही कळवावे.

कुणी तारेला चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नये. नाही तर एकाचे दोन होतात. घरात असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. मोठ्या लाईनीची तार असेल तर सबस्टेशनमधून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. आपले माणूस समोर असताना थांबणे फार कठीण जाते. पण वीज बंद करणे हीच त्याला खरी मदत आहे.

अंगणात कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नये, दोरी बांधावी. खांबावरून घरात येणारी वायर पत्र्याला घासली, तिची साल निघाली, तर सगळ्या पत्र्यात वीज उतरते. ओले कपडे तारेवर टाकताच बाईला धक्का बसतो. घराच्या मीटरजवळ वीजगळती तोडणारी पेटी बसवावी. दुकानात तिला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअरची मागावी. वीज अंगातून जाऊ लागली की ती पेटी एका क्षणात पुरवठा तोडते.

लाईट आणायला स्वतः डीपीवर चढू नये. डीपीचा फ्यूज आपण टाकू नये. घरी जनरेटर असेल तर तो घराच्या वायरिंगला मनाने जोडू नये. त्याची वीज उलटी खांबाकडे जाते. लाईन बंद आहे असे समजून काम करणारा लाईनमन त्याने मरू शकतो. तोही कुणाचा तरी बाप आहे.

लाईट गेल्यावर

लाईट गेली की नळाचे पाणीही अडते, कारण पाणी मोटरीने चढते. म्हणून सकाळीच हंडे-कळश्या भराव्यात. मोबाईल आणि बॅटरी चार्ज करून ठेवावी. बॅटरीची जागा ठरलेली असावी. अंधारात हात तिथेच गेला पाहिजे.

लाईट जाताच फ्रिज, टीव्ही आणि पंखा यांची बटणे बंद करावीत. एकच दिवा चालू ठेवावा. लाईट परत येताना दाब कमी-जास्त होतो आणि यंत्रे जळतात. दिवा नीट लागला की पाच-दहा मिनिटांनी बाकीची बटणे लावावीत.

मेणबत्ती ताटलीत उभी करावी. पडद्याजवळ, गवताजवळ ठेवू नये. ती जळत ठेवून झोपू नये. उन्हाळ्यात शिजवलेले अन्न लवकर आंबते. बेताचेच रांधावे. दूध तापवून ठेवावे. घरात कुणाला साखरेचा आजार असेल आणि इन्शुलिन असेल, तर ते डबीत बंद करून मडक्यात ठेवावे. मडक्याला ओले फडके गुंडाळावे.

एक कागद लिहा

आता तुम्हाला लिहिता येते. एक कोरा कागद घ्या. मोठ्या अक्षरात पुढच्या ओळी लिहा.

रुग्णवाहिका – १०८
विजेची तक्रार – १९१२
जनावरांची मदत – १९६२
गावचा वायरमन –
तलाठी –

शेवटच्या दोन ओळींत तुमच्या गावचे नंबर विचारून भरा. खाली आणखी तीन ओळी लिहा.

सकाळी तयारी करीन.
गडगडाट थांबल्यावर अर्धा तास घरात थांबेन.
पडलेल्या तारेला हात लावणार नाही.

हा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. घरच्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना तो वाचून दाखवा. शेजारी कुणी परगावचे राहत असेल, तर त्यालाही एक लिहून द्या.